हात न लावलेला फोटो

फोटोवाल्याचा धंद्यातला एक नियम होता आणि तो नियम तो गिऱ्हाइकांना न विचारताच ऐकवत असे. चेहऱ्यावर पुटकुळी असेल तर ती कॉम्प्युटरवर काढून टाकायची. आठवड्याभरात ती जाणारच असते, तिच्यापायी फोटो कशाला बिघडवायचा? पण तीळ, व्रण, वाकडं नाक, पुढे आलेले कान यांना हात लावायचा नाही. "जे जाणार आहे ते मी काढतो, जे राहणार आहे ते ठेवतो," असं तो म्हणे, आणि म्हणताना मान जरा ताठ करी. एका माणसाने हनुवटीवरचा व्रण पुसून द्या म्हणून फारच हट्ट धरला, तेव्हा याने त्याला सरळ समोरच्या गल्लीतलं दुसरं दुकान दाखवलं होतं. ती हकिकत तर तो वर्षानुवर्षं सांगत आला. माणसाने एखादं तत्त्व धरावं आणि चारचौघांत मिरवावं, यात वाईट काही नाही. फक्त ते आपल्याच पोरीच्या बाबतीत, कुणाला कळू न देता मोडू नये.

पोरगी चौदा वर्षांची, नववीत. तिला घरात खारू म्हणत. समोरचे दोन दात पडून नवे आले ते असे ऐसपैस आले, की बाप कौतुकाने "आली आमची खारूताई" म्हणाला आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ते दोन दात एकमेकांवर चढले. बाराव्या वर्षी वरचा डावा सुळा आला तो रांग सोडून, ओठाला टेकेल असा पुढे. बापाचे दात असेच होते. फक्त बापाने त्यावर भरघोस मिशी सोडली होती, आणि पोरीला ती सोय नव्हती.

शाळेत दातांची तपासणी झाली आणि चिठ्ठी घरी आली. आई तिला दातांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. डॉक्टरबाई पंचविसेक वर्षं दातच बघत आलेल्या, कमी बोलणाऱ्या. ब्रेसेस लावल्या तर दोन वर्षं लागतील, म्हणाल्या. लावल्या तर चांगलं, पण पोरीच्या मनात असेल तरच लावा, कारण दोन वर्षं तोंडात तारा तिला वागवायच्या आहेत, तुम्हाला नाही. विचार करा आणि पुढच्या वेळी येताना तिचे लहानपणापासूनचे हसरे फोटो असतील तर घेऊन या, दात कसकसे सरकत गेले ते कळेल.

झालं, त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. आई एका मोठ्या कचेरीत आवक-जावक सांभाळायची. तिला प्रत्येक गोष्ट लवकर निकालात निघालेली आवडे. "हो तर हो म्हण, नाही तर नाही म्हण, पण लटकत ठेवू नकोस," एवढंच तिचं म्हणणं. खारू मात्र एक दिवस हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी नाही. वर्गातल्या एकीला तारा लावल्यावर पोरं कशी चिडवतात ते ती सांगे, मग आरशासमोर जाऊन ओठ वर करून बघे, मग पुन्हा येऊन बसे.

शेवटी एकदा जेवताना तिने बापालाच विचारलं, "बाबा, तुला काय वाटतं? खरं सांग."

"मला?" तो ताटाकडे बघत म्हणाला. "मला तू आहेस तशीच छान वाटतेस. तुझं तू ठरव."

"नक्की?"

"अगदी नक्की."

पोरीचा चेहरा उजळला. आईसुद्धा म्हणाली, "बघा, कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोललात." वाक्य चांगलं होतं. बापाने बोलावं असंच होतं. फक्त ते बोलायचा त्याला अधिकार नव्हता, आणि हे त्या ताटापाशी बसलेल्या तिघांपैकी त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

बुधवारी पुन्हा डॉक्टरबाईंकडे जायचं होतं, पण आईला रजा मिळेना, म्हणून खारूबरोबर तो गेला. पोरीच्या हातात एक मोठं पाकीट होतं. त्यात काय आहे हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. सुचलं असतं, तर वाटेत त्याने ते कुठेतरी विसरायची व्यवस्था केली असती, इतपत तो आता स्वतःला ओळखतो.

डॉक्टरबाईंनी खारूला खुर्चीत बसवलं, दिवा खाली ओढला, आरसा फिरवून सगळे दात मोजले. मग हातमोजे काढून पाकीट उघडलं आणि तीन फोटो टेबलावर ओळीने मांडले.

"हा कधीचा?"

"नऊ वर्षांची होते तेव्हाचा," खारू खुर्चीतूनच म्हणाली. "आमच्या दुकानाच्या काचेत लावलाय ना, त्याचीच दुसरी कॉपी. तो मधला अकरा वर्षांचा. आणि हा गेल्या वर्षीचा, वर्गाचा. सगळे बाबांनीच काढलेत."

फोटोवाल्याने खुर्ची जरा मागे सरकवली.

डॉक्टरबाईंनी भिंग घेतलं. एका फोटोवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि पुन्हा पहिल्यावर. "चमत्कारिक आहे," त्या म्हणाल्या. "इथे समोरचे दोन अगदी सरळ. इथेही सरळ. गेल्या वर्षीसुद्धा सुळा व्यवस्थित रांगेत. म्हणजे हे सगळं एका वर्षात झालं? तोंडावर पडली होतीस का? मार लागला होता?"

"नाही," खारू म्हणाली. "आणि मला तर आठवतंय ते आधीपासून असेच आहेत. समोरचे तर पाचवीतसुद्धा."

"मग हे फोटो?"

खारूने मान पुढे करून फोटो पाहिले. बराच वेळ पाहिले. तिच्या कपाळाला आठी पडली, आणि मग ती हळूच म्हणाली, "मग मलाच चुकीचं आठवत असेल. फोटो बाबांचे आहेत, ते चुकणार नाहीत."

इथे त्याने बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. डॉक्टरबाई हसल्या असत्या किंवा रागावल्या असत्या, पोरगी रुसली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण त्याची दातखीळ बसली. तो भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडे बघत राहिला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच दाढा बघतोय.

"इतक्या झपाट्याने दात सरकत नाहीत," डॉक्टरबाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या. "सरकले, तर हाडात आत काही वाढतंय का ते बघावं लागतं. बहुतेक काही नसेल. पण मी आधी जबड्याचं स्कॅन करून घेईन. शुक्रवारी सकाळी मोठ्या दवाखान्यात जा, चिठ्ठी देते. ब्रेसेसचं नंतर बघू."

"वाढतंय म्हणजे काय?" खारूने विचारलं.

"काही नाही गं. बघून घेतलेलं बरं."

बाहेर पडून बस थांब्यावर उभं असताना खारूने दोन बोटं डाव्या गालावर दाबून धरली होती, आत काही लागतंय का ते चाचपत.

खरं काय होतं, ते आता सांगून टाकलेलं बरं. पाच वर्षांपूर्वी त्याने खारूचा हसरा फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. पहिल्याच दिवशी एक जुनं गिऱ्हाईक काचेपाशी थांबलं आणि आत येऊन हसत म्हणालं, "दात मात्र अगदी बापावर गेलेत हो!" वाईट मनाने नाही, सहज. फोटोवालाही सहजच हसला, ओठ मिटून, जसा तो नेहमी हसे. गिऱ्हाईक गेलं. त्याने फोटो खाली घेतला, कॉम्प्युटरवर पुन्हा उघडला आणि पाच मिनिटांत दोन दात सरळ केले. सराईत हात होता. नवी प्रिंट काचेत गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या वर्षी वाढदिवसाचे फोटो आले, तेव्हा पहिल्या फोटोशी जुळायला हवेत म्हणून तेही केले. त्याच्या पुढच्या वर्षी कारणही लागलं नाही. एकदा हाताला सवय लागली, की हात विचारत नाही.

बुधवार असा गेला. गुरुवारी सकाळी खारूने पोळी डाव्या बाजूने चावायचं टाळलं. शाळेतून आल्यावर तिने आईला विचारलं, "जबड्यात गाठ झाली तर तो काढतात का? सगळा?"

"गप्प बस, काहीतरीच," आई म्हणाली. पण ओट्यापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि तिने तेच भांडं दोनदा विसळलं. पोरीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला रात्रभर झोप नाही. तुम्ही कसे इतके शांत?"

तो शांत नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण लाजेची गंमत अशी, की ती माणसाला बोलूही देत नाही आणि स्वस्थ बसूही देत नाही. आता सांगतो, जेवण झाल्यावर सांगतो, दुकान उघडून येतो मग सांगतो, असं करत तो दुकानात गेला. शटर अर्धंच वर केलं आणि खाली वाकून आत शिरला, एखाद्या चोरासारखा, स्वतःच्याच दुकानात.

तिथून त्याने डॉक्टरबाईंना फोन लावला. हेसुद्धा धैर्याचं काम नव्हतं, हे त्याचं त्याला कळत होतं. पोरीला सांगण्यापेक्षा परक्या बाईला सांगणं सोपं, एवढंच.

"ते फोटो," तो म्हणाला, "ते तसे नाहीत. म्हणजे, मी त्यात दात सरळ केले होते. कॉम्प्युटरवर."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"आणि काल तुम्ही समोर बसून होतात."

"हो."

"मला माझ्या डोळ्यांवर शंका आली हो काल. संध्याकाळी पुस्तकं काढून बसले होते." त्यांचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट. "स्कॅन मी रद्द करते."

"थँक्यू, डॉक्टर. फक्त एक विनंती. तिला एवढंच सांगाल का, की तुम्ही पुन्हा नीट बघितलं आणि काळजीचं काही नाही? फोटोचं..."

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिला मी काही सांगणार नाही. तुम्ही सांगाल. आणि आज सांगाल. ती पोरगी आत्ता घरी बसून आपल्याला काय झालंय याचा विचार करतेय." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्याने खारूला दुकानात बोलावलं. घरी आईसमोर सांगायची हिंमत नव्हती. ती आली, शाळेच्याच कपड्यांत, आणि नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. मागे निळा पडदा, बाजूला छत्रीचा दिवा. लहानपणी ती याच स्टुलावर बसून गरगर फिरायची.

"स्कॅन नाही करायचं," तो म्हणाला. "तुला काही झालेलं नाही."

"डॉक्टर म्हणाल्या?"

"मी सांगतोय. तुझे दात एका वर्षात सरकलेले नाहीत. आधीपासून असेच होते. तुला बरोबर आठवत होतं. फोटोत मी ते..." त्याने हातानेच माउस हलवल्यासारखं केलं.

आधी तिच्या खांद्यांतला ताण सैल झाला. तेवढं त्याने पाहिलं. पोरगी दोन दिवस मरणाला घाबरून होती आणि आता मोकळा श्वास घेतेय, हे त्याला दिसलं, आणि हे दोन दिवस आपण दिले हेही. मग हळूहळू तिला उरलेलं कळलं.

"तू माझे दात बदललेस?"

"हो."

"सगळ्या फोटोंत?"

"हसऱ्या फोटोंत. हो."

ती उठली आणि कॉम्प्युटरपाशी गेली. दुकानातलं सगळं तिला ठाऊक होतं, फाइली कुठे असतात तेही. तिने वर्गाचा फोटो उघडला आणि मोठा केला. बेचाळीस पोरं तीन ओळींत. ती एकेकावर जात राहिली.

"हिच्या दातांत फट आहे," ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. "ती तशीच आहे. याचा पुढचा दात तुटलाय. तसाच आहे. हिला तर तारा आहेत, त्यासुद्धा दिसतायत." तिचं बोट दुसऱ्या ओळीत स्वतःवर येऊन थांबलं. "बेचाळिसांत तू फक्त मला दुरुस्त केलंस."

"दात जाणारे होते की राहणारे, बाबा?" तिने विचारलं. त्याचाच नियम. तिला तो पाचव्या वर्षापासून पाठ होता. वर्गातल्या मैत्रिणींनाही ती तो अभिमानाने सांगायची.

"राहणारे," तो म्हणाला.

"म्हणजे तुला माझी लाज वाटायची."

"तुझी नाही गं. माझी. ते दात माझे आहेत, माझ्यावरून..."

"तोंडात माझ्या होते!" ती पहिल्यांदाच ओरडली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मूळ फोटो दे मला. आधीचे. हात लावायच्या आधीचे."

हे विचारलं जाईल, असं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. तो जागचा हलला नाही. आणि ती बापाची पोर, फोटोवाल्याची पोर, तिला लगेच समजलं.

"त्यावरच सेव्ह केलेस?"

त्याने मान हलवली. गिऱ्हाइकांचे मूळ फोटो तो वर्षानुवर्षं जपून ठेवी. न जाणो, कुणी तक्रार केली तर. पोरीचे ठेवले नव्हते, कारण सापडायला नको होते. आणि घरात फोटो काढायचे ते त्यानेच, दुसरं कुणी काढत नसे. नवव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत ती जशी हसली, तसा तिचा एकही फोटो जगात कुठे शिल्लक नव्हता.

खारू दारापर्यंत गेली आणि वळली. "मी ठरवत आणलं होतं," ती म्हणाली. "तू म्हणालास ना, आहेस तशीच छान, तेव्हा मला वाटलं, मग कशाला लावायच्या. आता मी तारा लावल्या तर त्या फोटोतल्या मुलीसारखी दिसायला लावल्या असं होणार. नाही लावल्या तर तुझ्यावरच्या रागाने नाही लावल्या. मी ठरवायचं म्हणून काही ठेवलंच नाहीस तू."

ती गेली. त्याने काचेतला फोटो उतरवला. मागचं कापड उन्हाने फिकट झालं होतं, फक्त फोटोमागचा चौकोन गडद राहिला होता. तो झाकायला त्याच्याकडे काही नव्हतं.

घरी आईला कळलं, तेव्हा ती भांडली नाही. हे त्याला अपेक्षित नव्हतं. ती अल्बम घेऊन बसली आणि एकेक पान उलटत राहिली. "मला वाटायचं, तुम्ही उजेड छान टाकता," ती म्हणाली. "मी कचेरीत दाखवायचे सगळ्यांना. म्हणायचे, बापाच्या हातात जादू आहे." तिने अल्बम मिटला आणि कपाटात वरच्या फळीवर, सहज हात पोचणार नाही असा ठेवला.

पुढचे आठ-दहा दिवस वाईट गेले. खारू त्याच्याशी बोले, पण कामापुरतं. किल्ली कुठेय, आई कधी येणार. तेवढंच असतं तर त्याने सोसलं असतं. पण ती आता बोलताना तोंडावर हात धरू लागली होती. आईशी बोलतानाही, फोनवर मैत्रिणीशी बोलतानाही, जिथे कुणी बघणारं नाही. चार बोटं ओठांवर, अंगठा हनुवटीखाली. फोटोवाल्याने ती लकब लगेच ओळखली. मिशी फुटेपर्यंत तो तसाच बोलत असे.

डॉक्टरबाईंनी सोमवारची वेळ दिली होती. हो किंवा नाही, काय ते सांगायला. रविवारी दुपारी तो दुकानात एकटाच भिंगं पुसत बसला होता, तेव्हा खारू आली. तोंडावर हात नव्हता. ओठ घट्ट मिटलेले.

"बस," ती म्हणाली आणि स्टुलाकडे बोट दाखवलं.

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

तो बसला. तेवीस वर्षं दुकान चालवतोय, पण त्या स्टुलावर तो कधी बसला नव्हता. बसल्यावर कळलं, की समोरचा दिवा किती डोळ्यांत जातो. खारूने तो थोडा वळवला, कॅमेरा स्टँडवर खाली घेतला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तोंड उघड. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"माझे दात तुझ्या वयात कसे होतील ते. मला कुणी खरं सांगत नाही. डॉक्टर म्हणतात तू ठरव, आई म्हणते लवकर ठरव, आणि तू तर... उघड."

त्याने मिशी बोटाने वर सारली आणि तोंड उघडलं. बायकोनेही ते दात कधी इतक्या जवळून, इतक्या उजेडात पाहिले नव्हते. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाज चढली. पण त्याने तोंड मिटलं नाही.

"इथला कुठे गेला?"

"काढावा लागला. दोघांच्या फटीत ब्रश पोचत नव्हता. आतून किडला."

"हा दुखतो?"

"गार पाण्याने. जेवतो एकाच बाजूने."

"आणि लोक?"

हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "शाळेत फावड्या म्हणायचे. मास्तरसुद्धा एकदा म्हणाले. मग मी हसायचं सोडलं. मग मिशी आली. मग हा धंदा आला. कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला कुणी हसायला सांगत नाही. म्हणून घेतला असेल, कोण जाणे."

खारू त्याच्याकडे बघत होती. "तारा नाही लावल्या, तर मी तुझ्यासारखी होईन?"

"दातांनी होशील थोडीफार," तो म्हणाला. "बाकी होऊ नकोस."

ती कॅमेऱ्यामागे गेली. "हनुवटी थोडी खाली," ती म्हणाली, अगदी त्याच्याच सुरात. "इकडे बघा. आणि हसा."

त्याला येईना. रोज पन्नास जणांना सांगायची गोष्ट, आणि त्याला स्वतःला जमेना. एकदा ओठ ताणले, एकदा नुसताच श्वास सोडला. खारू थांबून राहिली, गिऱ्हाईक अवघडलं की तो थांबे तशी. शेवटी, कसाबसा, ओशाळा, सगळे दात दिसतील असा तो हसला, आणि तिने बटण दाबलं.

फोटो पडद्यावर घेऊन तिने तोंडापाशी मोठा केला. तो उठून मागे उभा राहिला. त्याने वाकून पाहिलं, तर तिचे डोळे भरून आले होते.

"समोरचे दोन बघ," ती म्हणाली. "आणि हा सुळा. मला वाटलं, माझे कुठेच राहिले नाहीत."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि या वेळी तिने तो झटकला नाही.

मग तिने नाक पुसलं आणि जाऊन स्टुलावर बसली. "आता माझा काढ. डॉक्टर म्हणाल्या होत्या, तारा बसवायच्या आधीचा एक लागतो."

"लावणार आहेस?"

"हो. माझा गाल आतून रोज चावला जातो. सुळ्यापाशी ओठालाही घट्टा पडलाय. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"तू म्हणायचास ना, आहेस तशीच छान. मग दुखतं असं कसं सांगणार?" तिने खांदे उडवले. "दुखतं म्हणून लावणार आहे. फोटोसाठी नाही."

त्याने फोटो काढला. पहिला हलला, म्हणून दोनदा काढला. दुसरा चांगला आला. दात सगळे, चढलेले, वळलेले, रांग सोडून आलेले, आणि डोळ्यांत नुकत्याच रडण्याची लाली. हनुवटीवर एक पुटकुळी होती, ताजी, लालभडक. त्याचा हात आपोआप माउसवर गेला आणि बाण त्या पुटकुळीपाशी जाऊन थांबला.

"काढ की," खारू त्याच्या खांद्यावरून बघत म्हणाली. "ती जाणारीच आहे. नियमात बसते."

त्याने बाणाकडे पाहिलं. पुटकुळीपासून सुळा बोटभरही लांब नव्हता. त्याने माउसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला, त्यावर दुसरा ठेवला.

"नको," तो म्हणाला. "एकदा सुरू झाला की माझा हात कुठे थांबेल, याचा मला भरवसा नाही. तूच दाब प्रिंट."

आणि तिने पुढे वाकून बटण दाबलं.